उदबत्ती विझेपर्यंत

"आई! आई, ऐक ना, आज मी..."

वर्षाली दारातूनच ओरडत आली आणि देवघरापुढे बसलेली आई दिसताच गप्प झाली. साधनाने ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनेच समोरची उदबत्ती दाखवली. उदबत्ती आत्ताच लावलेली. टोक नुकतं कुठे राखाडी झालेलं.

दहा वर्षांच्या पोरीला हा नेम पाठ होता. दिवा लागला की उदबत्ती विझेपर्यंत आई बोलत नाही. मग दारात कोणी येवो, दूध उतू जावो, नाहीतर फोन वाजून वाजून दमो. वर्षाली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत घटकाभर उभी राहिली. वाकून उदबत्ती किती उरली ते पाहिलं. मग "जाऊ दे" म्हणाली आणि आली तशी समोरच्या फ्लॅटमध्ये पळाली. तिकडचं दार उघडंच होतं.

"काय म्हणाली आई?" नेहाचा आवाज आला.

"तिची उदबत्ती चालूय."

मग तिकडे दोघी हसल्या. कशाला हसल्या देव जाणे. जपमाळेचा मणी बोटात तसाच राहिला. नाम कुठवर आलं होतं तेही सुटलं. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हा नेम तिने वर्षालीसाठीच धरला होता. सातव्या महिन्यात झालेली पोर, मुठीएवढं डोकं. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. साधनाला बाहेरूनच बघू द्यायचे. त्या एकोणीस दिवसांत ती देवाला म्हणाली होती, हिला जगव, मी रोज दिवेलागणीला माझी वाणी तुला वाहीन. देवाने त्याचं केलं, साधना तिचं करत राहिली. घरात कार्य असलं, पाहुणे असले, ताप असला तरी नेम चुकला नाही. रहाटणीच्या त्या तीन मजली इमारतीत बायका तिला मान देत त्या याच गोष्टीवरून. साधना कमी बोलते, पण बोलली तर खोटं बोलत नाही, असं सगळ्या म्हणत.

कंपनीतही तेच. चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या कारखान्यात ती चौदा वर्षं होती आणि आता शेवटच्या टेबलावर तपासणीला बसायची. लाकडी पाटावर वायरींचं ते जाळं पसरायचं, प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मगच 'ओके' म्हणायचं. नव्या पोरी घाईत नुसत्या नजरेने ओके ओके म्हणत सुटायच्या. साधना त्यांचा हात धरून जोडावर टेकवायची. "डोळ्यानं ओके नसतं बाई, बोटानं असतं." वर्षालीचं शाळेचं दप्तरही ती तशीच भरायला लावायची. वही, ओके. डबा, ओके. पाण्याची बाटली, ओके. पोर लहान होती तेव्हा या खेळात दोघींचं हसून हसून पोट दुखायचं.

आता पोरीला दुसरा खेळ सापडला होता.

नेहा समोरच्या फ्लॅटमध्ये दिवाळीनंतर राहायला आली. माहेर नाशिकचं, लग्न झालेलं नाही, नोकरी घरूनच, संगणकावर. तिच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. त्या जागी गाडीतून काढल्यासारखी एक खुर्ची, पुढे विमानाचं स्टिअरिंग, खाली पायाने दाबायच्या दोन पट्ट्या आणि समोर तीन स्क्रीन. वर्षाली पहिल्यांदा बघून आली तेव्हा तिला धड सांगताही येईना.

"आई, खरंखुरं विमान आहे. म्हणजे खरं नाही, पण सगळं खऱ्यासारखं. पेट्रोल संपतं, वारा लागतो, ढगात गेलं की काहीच दिसत नाही!"

"बंदुका असतील," साधना म्हणाली.

"छ्या! त्यात कुणीच कुणाला मारत नाही. अर्धा अर्धा तास तर नुसतं सरळ जायचं."

एकदा जिन्यात भेट झाली तेव्हा साधनाने नेहालाच विचारलं, "मॅडम, हे लहान लेकरांना चालतं का पण?"

"मलाही तोच प्रश्न पडतो कधीकधी, साधनाताई," नेहा म्हणाली. "अवघड आहे, कंटाळवाणं पण आहे. बाकीची मुलं दोन दिवसांत पळाली. तुमची एकटी टिकली. रोज तासभरच देते मी, आणि आधी अभ्यास दाखवायचा हा नियम आहे."

उत्तर सरळ होतं. साधनाला मात्र त्यातला एकच शब्द टोचला. नियम. माझ्या पोरीला नियम लावणारी ही कोण?

त्या दिवसापासून तिचं लक्ष भलत्याच गोष्टींकडे जाऊ लागलं. वर्षाली बिनसाखरेचा लिंबाचा चहा मागायला लागली, नेहासारखा. केस मानेपर्यंत कापायचे म्हणाली, नेहासारखे. दर दोन वाक्यांनंतर 'नेहा मावशी म्हणते'. साधनाने एका संध्याकाळी मुद्दाम तुपातला शिरा केला, वर बेदाणे पेरले, पोरगी घरात थांबावी म्हणून. वर्षालीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मावशीला पण दे ना, मी नेऊन देते." गळाला लावलेलं आमिष मासाच शेजारच्या तळ्यात घेऊन गेला. वर, ताटली परत आली ती लख्ख धुतलेली आणि रिकामी. साधनाच्या लातूरकडे शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर का होईना घालतात. तिने ती ताटली दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि मनात पक्की नोंद केली.

"शिकू दे की," तिचा नवरा दिग्विजय म्हणाला. तो कुरुळीजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. "माझी गाडी दोन माणसांच्या उंचीवर जाईना, पोरगी ढगात जायलीय. तुला काय व्हायलंय?"

"मला काय होतंय? डोळे खराब होतील लेकराचे."

"डोळे तिचे का तुझे?" तो हसत म्हणाला आणि डबा उचलून दुसऱ्या शिफ्टला गेला.

साधनाला हसू आलं नाही. तिचा पहिल्या शिफ्टचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. कंपनीच्या बसने परत येऊन, अंघोळ करून, स्वयंपाकाचं बघेपर्यंत दिवेलागण व्हायची. पोरीला मावशीकडून परतायला आणि काही सांगायला तीच वेळ सापडायची आणि साधनाला तेव्हाच गप्प बसायचं असायचं. उदबत्ती विझल्यावर ती "हं, बोल आता" म्हणायची तोवर पोरीचं सांगणं शिळं झालेलं असायचं. "काही नाही गं," म्हणायची. कारण ते सगळं समोरच्या घरात सांगून झालेलं असायचं.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी कंपनीला सुट्टी आणि साधनाला उपास. साडेपाचला ती वर्षालीला बोलवायला म्हणून समोर गेली. दार अर्धवट उघडं होतं. तिने हाक मारली नाही, तशीच उभी राहिली.

वर्षाली त्या खुर्चीत पाठमोरी बसली होती. तिचे पाय खाली पोचत नव्हते, म्हणून त्या दोन पट्ट्यांवर लाकडाचे दोन ठोकळे पट्ट्याने बांधले होते. कडा घासून गुळगुळीत केलेले, वर रबर चिकटवलेलं. म्हणजे कुणीतरी खाली बसून या पोरीच्या पावलाचं माप घेतलं होतं. साधनाच्या डोळ्यांना ते ठोकळे कुसळासारखे खुपले. दर जूनमध्ये बुटांसाठी ते माप ती स्वतः घ्यायची.

स्क्रीनवर हिरवी जमीन भराभर वर येत होती. एक झाड मोठं झालं, वाकडं झालं आणि सगळं एकदम थांबलं. काळा स्क्रीन. वर्षाली हुंदके देऊन रडायला लागली. नेहाने खुर्ची फिरवली, पोरीला जवळ घेतलं. वर्षालीने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, जसं ती लहानपणी फक्त एकाच खांद्यात खुपसायची.

"रड पोटभर," नेहा म्हणत होती. "मग सांग मला, काय विसरलीस?"

साधना उत्तर ऐकायला थांबली नाही. चपला हातात घेऊन परत फिरली. त्या दिवशी तिने उपास सोडलाच नाही.

मंगळवारी कुसुमताईंकडे बायका स्तोत्र म्हणायला जमत. कुसुमताई रहाटणीच्या जुन्या घराण्यातल्या, राहायला याच इमारतीत वरच्या मजल्यावर. इमारत उभी होती ती त्यांच्याच जमिनीवर. स्तोत्र झालं, साबुदाण्याची खिचडी फिरली आणि बोलणं मुलांच्या खेळांवर आलं.

"आमच्या नातवाच्या हातातला मोबाइल सुटंना बगा," कुसुमताई म्हणाल्या. "आन् त्या समोरच्या पोरीकडं म्हनं इमानाचा खेळ हाय. साधना, तुझी वर्षी जाती ना तिकडं? तूच सांग, पोरांनी खेळावा का न्हाई?"

सगळ्या साधनाकडे बघायला लागल्या. साधनाने पदर सावरला.

"अगदी खऱ्यासारखं आहे ते," ती हळू आवाजात म्हणाली. "गुरुवारी मी डोळ्यांनी पाहिलं. विमान पडलं."

"अगं बाई! मग? पोर घाबरली आसंल."

इथे एकच शब्द हवा होता. रडली. तो तिच्या जिभेवर आलाही होता. पण रडली म्हटलं की पुढचं आलं असतं, कुणाजवळ रडली, कुणी डोळे पुसले. ते सांगायला जीभ रेटेना. साधना म्हणाली, "नाही. हसत होती."

"हसत हुती?" कुसुमताईंनी हनुवटीला बोट लावलं. "मानसं मेली इमानातली, आन् लेकरू हसतंय? व्हय गं, हे काय शिकवतीया म्हनायचं?"

दुसरी कुणी बोलली असती तर बायकांनी निम्मं सोडून दिलं असतं. पण साधना बोलली होती. घरी येताना जिन्यात तिला वाटलं, परत जाऊन सांगावं. मग तिने घड्याळात पाहिलं. दिव्याची वेळ झाली होती.

रात्रीपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर कुसुमताईंच्या सुनेने लिहिलेला मेसेज आला. विमान पाडून मुलांना हसायला शिकवणाऱ्या खेळांपासून सावध राहा, साधनाताईंनी स्वतः पाहिलं आहे. खाली हात जोडल्याची बारा चित्रं. एकाने लिहिलं, एकट्या राहणाऱ्यांना मुलं वाढवायची काय कल्पना असणार.

बुधवारी समोरचं दार बंद होतं. गुरुवारीही.

वर्षालीने काही विचारलं नाही. रडली नाही, रुसली नाही. शाळेतून आली, हातपाय धुतले, अभ्यासाला बसली. साधनाने आपण जिंकलो असं मानायचा प्रयत्न केला. संध्याकाळी पोर घरात, तिच्या शेजारी, दिव्यासमोर. आणखी काय पाहिजे?

"गणित झालं का गं?"

"ओके."

"डबा धुवायला टाकलास?"

"ओके."

"उद्याचं दप्तर?"

"ओके."

पोर पलंगावर बसून बोलत होती. दप्तर पलीकडे कोपऱ्यात होतं. साधनाने चौदा वर्षं हे ऐकलं होतं. ज्या पोरीचं मन कामावरून उडालं, ती अशी ओके म्हणते. मग कधीतरी कुठे तरी एखादा जोड सैल निघतो.

रविवारी साधना कंपनीतून येऊन टेकली तोच खाली टेम्पो उभा राहिला. जिन्यात खडखडाट ऐकून साधना दारात आली, तर दोन माणसं ती खुर्ची उतरवत होती. मागे नेहा, हातात कापडी पिशवी.

"विकलंत?" साधनाच्या तोंडून निघालं.

"कुरुळीचे एक जण घेऊन चाललेत, त्यांच्या भावाला हवं होतं. मीही महिनाअखेर फ्लॅट सोडतेय." तिने पिशवी पुढे केली. "हे वर्षालीचं. तिला मी म्हटलं होतं देईन."

पिशवीत ते दोन लाकडी ठोकळे होते आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. साधनाने कागद वर काढला. वर्षालीचं अक्षर. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत: *हात लावल्याशिवाय ओके म्हणायचं नाही. (आईचा नियम)*. खाली ओळीने इंधन, पंखे, दिवे, दार, पट्टा. शेवटची ओळ होती: *आई*. पुढे काही नाही.

"उड्डाणाआधीची यादी आहे ती," नेहा म्हणाली. "वैमानिक हे असंच करतात, हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. मी शिकवायला गेले तर तिला आधीच येत होतं. म्हणाली, माझी आई कंपनीत हेच करते. त्या गुरुवारी तिनं इंधनाला हात न लावता ओके म्हटलं, म्हणून इंजिन बंद पडलं. त्याचंच रडू होतं. विमानाचं नाही. म्हणत होती, आईचा नियम मोडला."

टेम्पोवाल्याने खालून हाक मारली.

"नेहाताई," ती म्हणाली. मॅडम हा शब्द आपोआप गळून पडला. "ती रडत होती. मी बायकांना हसत होती म्हणून सांगितलं."

"माहीत आहे."

"मी सांगते त्यांना. आजच सांगते."

"सांगा. माझ्यासाठी नको." नेहाचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. "वर्षालीनं तो मेसेज तुमच्या मोबाइलवर वाचला, ताई. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना खाली गेटपाशी भेटली. मला विचारत होती, 'मावशी, मी हसले होते का गं? आई खोटं बोलत नाही, म्हणजे मी हसले असेन.'"

मग ती खाली उतरून गेली. टेम्पो निघाल्याचा आवाज आला. साधना घरात आली नाही. तशीच वर कुसुमताईंच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच एका दमात बोलली. कुसुमताई "तू, साधना?" एवढंच म्हणाल्या. त्या दोन शब्दांत दहा वर्षांची पत उतरली. साधनाने ती उतरू दिली.

संध्याकाळ झाली. दिग्विजय कामावर होता. साधनाने समईत तेल घातलं, वात सारखी केली, दिवा लावला, दिव्यावर उदबत्ती पेटवली. वर्षाली शेजारी येऊन मांडी घालून बसली. हात जोडलेले, डोळे समोर.

धुराची रेघ सरळ वर चालली होती. साधनाने जपमाळ उचलली, एक मणी ओढला आणि माळ परत ताम्हनात ठेवली.

"वर्षा," ती म्हणाली.

पोरगी दचकली. या वेळचा आईचा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तिने घाईने उदबत्तीकडे बोट केलं. "आई! चालूय अजून!"

"असू दे. तू हसली नव्हतीस. तू रडत होतीस. मी दारात होते, मी पाहिलं. खोटं मी बोलले."

वर्षालीची नजर उदबत्तीवरच होती, जणू आता तिथे काहीतरी होईल. काही झालं नाही. राख वाकली आणि खाली पडली.

"का?" तिने विचारलं.

"तू तिच्याजवळ रडलीस म्हणून."

हे पोरीला किती कळलं कोण जाणे. ती फरशीकडे बघत बसली. साधनाने पदराखालून तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"त्या दिवशी पळत आली होतीस, मी गप्प बसवलं तुला. काय सांगायला आली होतीस?"

"काही नाही."

"बरं."

बाहेर जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, वर निघून गेली. समोरच्या दाराकडे दोघींनी एकाच वेळी पाहिलं आणि एकाच वेळी नजर फिरवली. मग वर्षालीने गुडघ्यावर पुढे सरकून फरशीवर बोट टेकवलं.

"हे पुण्याचं विमानतळ. इथनं वर जायचं." बोट फरशीवरून सरकायला लागलं. "ही इंद्रायणी. हा नाशिकचा रस्ता, याला धरूनच जायचं म्हणजे चुकत नाही. हे चाकण. तिथं खूप कंपन्या आहेत, सगळ्या सारख्याच दिसतात. मला पाच दिवस सापडली नाही."

"काय सापडली नाही?"

"तुझी कंपनी. मग त्या दिवशी सापडली. छप्पर निळं आहे तिचं. तुला माहीत नसेल, तू आतच असतेस." बोट फरशीवर एका जागी थांबलं होतं, नख पांढरं होईपर्यंत दाबलेलं. "मग रोज मी तिथवर जायचे, असा स्क्रीनला हात लावायचे, आणि म्हणायचे, आई, ओके. मग वळायचं."

साधनाने हात पुढे केला आणि त्या बोटाशेजारी, थंड फरशीवर, स्वतःचं बोट टेकवलं. दोघींपैकी कोणीच ते उचललं नाही. त्या संध्याकाळी उदबत्ती कधी विझली, ते कुणी पाहिलं नाही.